कापायचं तुझं, शिवायचं माझं

कौसा, तुझ्या मापाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, तिथं लिहायलेय. चौथीपर्यंतचं माझं लिहिणं तुला माहीतच आहे. तू असतीस तर वही ओढून घेतली असतीस. गिऱ्हाइकांच्या मापाच्या वहीत अक्का काय गिरवायली म्हणून.

तुला जाऊन एकोणीस दिवस झाले. पुण्यानुमोदनाचा विधी सातव्या दिवशी केला. तुझा फोटो मिलिंदनं मोठा करून आणला. त्यात तू हसायलीस आणि पदर जरा मागं सरकलाय, त्यामुळं कानावरची टाक्यांची रेघ दिसते. मिलिंद म्हणाला, "आई, काकूची ही रेघ कंप्यूटरवर पुसून आणू का?" मी म्हणलं, राहू दे. त्या रेघेवरूनच तर आपलं तीन वर्षं भांडण चाललं होतं.

ते भांडण परवा संपलं. तुझ्या माघारी संपलं. कसं, ते तुला सांगायचंय. तुला आधीच माहीत आहे म्हणा. तरी सांगते, कारण आता बोलायची पाळी माझी आहे.

हैदराबादला अंबरपेठेत तू नवी नवरी म्हणून आलीस तेव्हा मला तुम्ही म्हणायचीस. अक्का तुम्ही बसा, अक्का तुम्ही जेवा. मी थोरली जाऊ, तू धाकटी. आपले नवरे सख्खे भाऊ, दोघंही काचीगुड्याला मालधक्क्यावर पाठीवर पोती वाहायचे. माझा पोत्याखालीच गेला. तुझा दारूनं गेला, दोन वर्षांनी. तोवर माझा मिलिंद पाच वर्षांचा झाला होता, तुला मूल नव्हतं, आणि घरात एक पायमशीन होतं. रडायला फुरसत नव्हती ते एका अर्थी बरंच झालं.

शिवणकामाच्या पहिल्याच महिन्यात मी त्या तेलुगू मास्तरणीचा रेशमी ब्लाउज कापला आणि दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघाल्या. कापड उलटवायचं विसरले. तू दोन्ही बाह्या हातात धरून बघत राहिलीस, मग म्हणलीस, "अक्का, हिला दोन्ही हात उजवेच असते तर तू लई मोठी कारागीर झाली असतीस."

त्या दिवशी तू 'तुम्ही'वरून 'तू'वर आलीस आणि परत गेली नाहीस. कात्रीही त्याच दिवशी माझ्याकडून काढून घेतलीस. कापायचं तुझं, शिवायचं माझं, असं ठरलं. बतुकम्माच्या सणाच्या दिवसांत दारापर्यंत ब्लाउजांचा ढीग असायचा तरी मला कात्रीला हात लावू दिला नाहीस.

तुझी एक खोड होती. आत मार्जिन सोडायचीस, दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं जादा कापड. बाया कुरकुरायच्या, आत गाठोडं बांधल्यासारखं लागतं म्हणायच्या. तू ऐकायची नाहीस. "आज बारीक आहेस, उद्या अंग सुटलं तर कुठून आणशील कापड? कापलेलं परत जोडता येत नाही." आणि स्वतःचा ब्लाउज मात्र तू जन्मात कापला नाहीस. काचीगुड्याच्या एका बाईकडून कापून आणायचीस. मी हसले तर म्हणायचीस, "स्वतःचं कापताना माणूस चुकतोच. प्रत्येकीला वाटतं आपण अजून बारीक आहोत."

हे सगळं का सांगायलेय ते तुला कळलं असेल.

मग तीन वर्षांपूर्वी तुझे शब्द हुकायला लागले. कात्री मागताना चमचा दे म्हणलीस, दोनदा. मी म्हणलं, "म्हातारी झालीस." तू म्हणलीस, "तुझ्याआधी होत नसते." कापणं मात्र जसंच्या तसं, सुतभर इकडं तिकडं नाही. नंतर कोठीच्या बाजारात लेस घ्यायला गेलो आणि दुकानात तुझा उजवा हात थडथडायला लागला, तोंड वाकडं झालं, खाली पडलीस. दुकानदारानं पाणी मारलं. शुद्धीवर आलीस आणि पहिलं काय केलंस तर हातातली लेस मोजलीस.

दवाखान्यात फोटो काढले आणि गाठ निघाली. डोक्याच्या डाव्या बाजूला.

तो चष्मेवाला डॉक्टर आपल्याला कंप्यूटरच्या खोलीत घेऊन गेला तो दिवस मला काल झाल्यासारखा दिसतो. तो तेलुगू माणूस, पण आपल्याशी हैदराबादी हिंदीत बोलायचा. आधी त्यानं काळे-पांढरे फोटो लावले. मी बघितलं तर गाठ फोटोच्या उजव्या बाजूला.  मी त्याला थांबवलं, "डाक्टर साब, गाठ डावीकडं म्हणलात ना? हे तर उजवीकडं आहे. उलट्या बाजूनं फाडाल बाईला."

डॉक्टर हसला नाही. म्हणाला, "अम्मा, हा फोटो आम्ही पायाकडून उभं राहून बघितल्यासारखा असतो. तिची डावी बाजू आपल्या उजवीकडं दिसते. पण विचारलंत ते चांगलं केलंत. विचारायलाच पाहिजे."

हसलीस ती तू. शब्द सापडेना तर दोन्ही हात पुढं करून एकाच बाजूला वाकवून दाखवलेस. बाह्या. डॉक्टरला काही कळेना, मिलिंदला कळलं, आणि तोही हसला. डोक्यात गाठ घेऊन बसलेली बाई मला तीस वर्षांपूर्वीची बाही दाखवायली.

मग त्यानं ते दुसरं लावलं. तुझं डोकं, अख्खं, पडद्यावर तरंगतंय. बोट फिरवलं की डोकं फिरतं. त्यानं कातडी काढली, नुसती बोटानं पुसून. मग हाड काढलं. आत राखाडी चुण्या, दाबून भरलेल्या, घेरदार परकराच्या कमरेला असतात तशा. त्यात लाल गाठ, लिंबाएवढी. आणि तिच्या भोवतीनं रंगीत धागे. हिरवे, निळे, पिवळे, रेशमाची लड सुटल्यासारखे. निळे हाताचे, पिवळे बोलण्याचे. म्हणाला, "खरे धागे असे रंगीत नसतात. मशीनच्या फोटोवरून कंप्यूटर अंदाजानं काढतो. उघडल्यावर आम्ही परत तपासणार, तुम्हाला जागं ठेवून, बोलायला लावून."

तू उठून पडद्याजवळ गेलीस. तुझ्या डोळ्यात तेच होतं जे नवं कापड टेबलावर पसरल्यावर असायचं. डॉक्टरनं तुझं बोट धरून पडद्यावर ठेवलं आणि तू तुझंच डोकं फिरवायला लागलीस. वरून बघितलंस, खालून बघितलंस, मागून बघितलंस. एक चुणी होती, सरळ गाठीपर्यंत जाणारी. त्यावर बोट ठेवलंस आणि मोठ्या कष्टानं बोललीस, "हितून. फाडू नक्को. चुणी... उघडो."

डॉक्टर खुर्चीत मागं टेकला. म्हणाला, "आमचाही रस्ता तोच ठरलाय, अम्मा. कापायचं नाही, चुणीच्या मधून उतरायचं. आप क्या काम करते?"

"टेलर," तू म्हणलीस. हा शब्द मात्र चटकन आला.

पण पुढं त्यानं गाठ जवळ आणून दाखवली. कानामागच्या बाजूला गाठीचा एक तुकडा पिवळ्या धाग्यांना चिकटलेला होता. चिकटलेला म्हणजे कसा, फेविकॉलनं बसवल्यासारखा. डॉक्टर म्हणाला, तो काढायला गेलो तर बोलणं जाऊ शकतं, कायमचं. ठेवला तर बोलणं राहील, पण तिथून परत वाढू शकतं, आयुष्य कमी होऊ शकतं. त्यानं पडद्यावर दोन्ही करून दाखवलं. एकदा सगळी लाल गाठ गेली आणि पिवळे धागे तुटले. एकदा धागे राहिले आणि लाल ठिपका राहिला. बोटभर नव्हता तो ठिपका, नखाएवढा.

"तुम्ही सांगा, अम्मा," तो तुला म्हणाला. "डोकं तुमचं आहे."

तू माझ्याकडं बोट केलंस. "ही सांगंल."

मिलिंद म्हणाला, "काकू, तू सांग." तू नाही म्हणून मान हलवलीस. "स्वतःचं..." एवढंच म्हणलीस आणि पुढचा शब्द सापडला नाही. मला सापडला. स्वतःचं कापताना माणूस चुकतोच.

आयुष्यात मला तू एकदाच कात्री दिलीस कौसा, आणि ती अशी दिलीस.

मी पडद्याकडं बघितलं. तुझ्याकडं बघितलं. माझ्या मनात आलं, ही मुकी होऊन वीस वर्षं जगली तर काय करंल? आणि हेही आलं, खोटं कशाला बोलू, की मी काय करीन. तुझ्या तोंडाचा आवाज नसलेलं घर मला माहीत नव्हतं. म्हणजे मी तुझ्यासाठी बोलले का माझ्यासाठी, ते मला आजपण नीट सांगता येत नाही.

"धागे सोडा," मी म्हणलं. "तेवढं राहू द्या."

तू मान डोलवलीस आणि कागदावर सही केलीस, मराठीत, काना-मात्रा नीट देऊन.

जाताना डॉक्टरनं विचारलं, "तुम्ही तीन भाषा बोलता, त्यातली कुठली जास्त जपायची? ऑपरेशनच्या वेळी त्यात बोलायला लावू." तू विचार करून म्हणलीस, "जिच्यात हिच्याशी भांडते, ती."

बोलणं राहिलं. आठवड्याभरात परत आलं, महिन्यात तर आधीपेक्षा धारदार. आणि आल्या आल्या पहिलं टोचणं तेच. भाजीत मीठ जास्त झालं तरी, मशीनचा दोरा तुटला तरी. "डोकं अर्धवट कापून ठेवलंस माझं." मी म्हणायची, "सही तू केलीस. आणि मार्जिन सोडायची खोड माझी का तुझी?" तू म्हणायचीस, "मार्जिन कापडात सोडतात. रोगात सोडतात का, बाई?"

 पण तेव्हा ती थट्टा होती, दोघींना माहीत होतं. दोन वर्षं तू पहिल्यासारखी कापलीस. कोठीत जाऊन लेसवाल्याशी पहिल्यासारखी हुज्जत घातलीस. कोपऱ्यावरची ती अम्मा म्हणायची, तुमच्या घरातून आवाज आला नाही की मला परेशानी होते.

मग गेल्या वर्षी तपासणीला गेलो. मी खाली औषधाच्या रांगेत, तू वर डॉक्टरकडं एकटी. खाली आलीस आणि म्हणलीस, "वाढलंय."

मी विचारलं, "कुठं?"

"कुठं म्हणजे? डोक्यात. गुडघ्यात वाढंल का?"

ऑटोत बसलो. तू बाहेर बघत म्हणलीस, "तुझं मार्जिन."

त्या दिवसापासून ती थट्टा राहिली नाही, कौसा. निदान माझ्यासाठी. तू पहिल्यासारखंच टोचायचीस आणि मी पहिल्यासारखंच उलट बोलायची, पण आत काहीतरी बसलं होतं, तांदळातल्या खड्यासारखं. गोळ्या सुरू झाल्या, तुझे केस परत गेले, उजव्या हातात कात्री धरवेना. तुला भरवताना, न्हाऊ घालताना माझ्या डोळ्यासमोर तो नखाएवढा लाल ठिपका असायचा. मी म्हणलं होतं राहू द्या. डॉक्टरला विचारायची हिंमत झाली नाही. तो हो म्हणाला असता तर मी कुठं गेले असते?

आणि शेवटच्या आठवड्यात तुझे शब्द गेले तेव्हा तू माझा हात धरलास. आपल्या कपाळावर नेऊन ठेवलास, डाव्या बाजूला, पुढं, आणि म्हणलीस, "हिकडून." मी म्हणलं, दुखतंय का? तू मानेनं नाही नाही केलंस. परत हात दाबलास. "हिकडून. हिकडून." मी बाम आणला आणि तिथं चोळला. तू डोळे मिटून घेतलेस, आणि मला वाटलं बरं वाटलं.

तेच तुझं शेवटचं बोलणं. दोन दिवसांनी सकाळी चहाच्या वेळेला गेलीस. त्रास झाला नाही. माझा हात हातात होता.

परवा मी दवाखान्यात गेले. तुझ्या गोळ्यांची तीन पाकिटं न फोडलेली राहिली होती, म्हणलं कुणाला तरी लागतील. डॉक्टरनं ओळखलं. "आओ अम्मा, बैठो." त्यानं पाकिटं घेतली, तुझी चौकशी केली, शेवट कसा झाला विचारलं. मी सांगितलं. मग उठले, दारापर्यंत गेले आणि परत आले. म्हणलं आता ऐकायचंच. आता कुणाला जपायचंय?

"डाक्टर साब, मी जो तुकडा ठेवायला सांगितला, तोच वाढला ना?"

 तो कंप्यूटरकडं वळला. तुझं डोकं आलं पडद्यावर. मला कसंसंच झालं, तू गेलीस आणि डोकं तसंच फिरायलंय. त्यानं ऑपरेशननंतरचा फोटो लावला आणि त्याच्यावर शेवटचा, पातळ कापडावर पातळ कापड ठेवल्यासारखा. कानामागं बोट ठेवलं. "हा तुमचा तुकडा. तेव्हाचा हा, शेवटचा हा." नखाएवढा. तेवढाच. तीन वर्षांत सुतभर वाढला नव्हता. मग त्यानं बोट पुढं नेलं, कपाळाकडं. तिथं लाल, मोठं, पसरलेलं. "हे इकडून आलं. जिथं आम्हाला वाटलं होतं की सगळं साफ काढलंय, तिथून. तुम्ही ठेवायला सांगितलं त्याचा यात काही संबंध नाही."

हिकडून.

मी खुर्चीवर बसले.

डॉक्टर म्हणाला, "तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी? गेल्या वर्षी हेच विचारलं त्यांनी मला. अक्काचा तुकडा वाढला का म्हणून. मी असंच एकावर एक ठेवून दाखवलं. स्वतः फिरवून फिरवून बघितलं त्यांनी. मग म्हणाल्या, उसकू नक्को बोलो, तिला सांगू नका."

"कैकू?" मी विचारलं.

तो म्हणाला, "मीपण विचारलं. तर म्हणाल्या, सगळे माझ्याशी हळू बोलायला लागलेत. पोरगा हळू बोलतो, शेजारीण हळू बोलते. एक अक्काच भांडते. तिला कळलं की चूक तिची नाही, तर भांडण संपंल आणि तीपण हळू बोलायला लागंल. मग मी जिवंत आहे हे मला कोण सांगणार? मी म्हणालो, हे बरोबर नाही अम्मा, तिला सांगा. म्हणाल्या, सांगीन. टाइम आया तो मैं बोलतूं."

खाली येऊन मी औषधाच्या रांगेजवळच्या बाकावर बसले आणि हसू आलं. पदर तोंडाला लावला तरी थांबेना. शेजारच्या बाईला वाटलं रडायलेय, तिनं पाण्याची बाटली पुढं केली. मी प्याले.

राग आला. येणारच. वर्षभर मला तो खडा चावायला लावलास. तुझ्या अंगाला साबण लावताना मी काय काय गिळलं ते तुला दिसत नव्हतं का? दिसत असणार. कापड बघून मापाचा अंदाज सांगणारी बाई तू. पण मग सांगायची वेळ आली तेव्हा शब्दच गेले, आणि तरी तू एक शब्द धरून ठेवलास माझ्यासाठी, आणि मी त्यावर बाम चोळला. फिटलं म्हणायचं का आपलं?

आणि खरं सांगू, तू म्हणलीस ते बरोबर होतं. मला आधी कळलं असतं तर मी हळूच बोलले असते.

आज सकाळी छाती मोकळी वाटली. बऱ्याच दिवसांनी पोटभर भाकरी खाल्ली. मग तुझं गाठोडं सोडलं. त्यात माझा पांढरा ब्लाउज निघाला, तू जयंतीसाठी कापलेला, हात चालत होता तेव्हाचा शेवटचा. शिव म्हणून मागं लागली होतीस, मी नंतर नंतर करत राहिले. मशीनवर बसले आणि दुपारपर्यंत शिवला. घालून बघितला तर दंडात घट्ट. वहीत बघितलं, तू माझं दहा वर्षांपूर्वीचं माप धरलंस. मला परत विचारलंसुद्धा नाहीस.

मी शिवण उसवली. आत दोन बोटं कापड सोडलेलं होतंच. तेवढं सैल केलं आणि परत टीप मारली.

बसला, कौसा.